अठ्ठावीस नंबरची रेष

कुसुमताईंचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीतल्या ऑफिसात, काचेच्या खोलीत, दहा-बारा माणसांसमोर उभी राहून एक काम का लांबलं ते समजावून सांगत होते. फोनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी बोलता बोलता थांबले. त्या घरातून मला आठ वर्षांत फोन आला नव्हता. बाहेर येऊन उचलला.

“छाया, नलू गेली गं,” त्या म्हणाल्या. “सकाळी. चहा घेतला, पेपर चाळला, आंघोळीला जाते म्हणाली, आणि...” मग खाकरून म्हणाल्या, “तुला कळवू नकोस असं काही तिने सांगून ठेवलेलं नव्हतं. म्हणून कळवतेय.”

मी “हो ताई” म्हणाले, आत गेले आणि राहिलेलं बोलणं पूर्ण केलं. कोणाला काही कळलं नाही. वैकुंठ स्मशानभूमीत मी गेले नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मुलीने विचारलं, “मॅम, आर यू ओके?” मी दात दुखतोय म्हणून सांगितलं, आणि मग घरापर्यंत गालावर हात धरून बसले, कारण आता दात दुखणं भागच होतं.

डॉ. नलिनी आठल्ये हे नाव या पुरवणीच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेलं नसणार. त्या पुण्यात भूशास्त्र शिकवायच्या, आणि ट्रायलोबाइट नावाच्या प्राण्यांचा अभ्यास करायच्या. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात तळाशी सरपटणारे, पाठीवर कवच असलेले, आता नामशेष झालेले प्राणी. कुसुमताई ही त्यांची थोरली बहीण. पोस्टातून निवृत्त झालेल्या. दोघी बिनलग्नाच्या, सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. आम्ही विद्यार्थी नलिनीबाईंना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. विभागात बाकी सगळ्या मॅडम होत्या, बाई एकच. संपादकांनी माझ्याकडे बाईंच्या हृद्य आठवणी मागितल्या आहेत. आहेत, पुष्कळ आहेत. पण त्यांच्या बरोबर मधोमध बाईंनी माझा केलेला विश्वासघात आहे, आणि तो गाळून लिहायला गेलं की मला बाईच सापडत नाहीत. दोन वेळा लिहून फाडलं. हे तिसरं.

मी चंद्रपूरची. वडील कोळसा खाणीच्या कार्यालयात नकाशे काढायचे. त्यांच्या शेजारी बसून शाईची रेघ ओढायला मी अक्षरं गिरवण्याच्याही आधी शिकले. एम.एस्सी.ला पुण्यात आले, स्वारगेटजवळच्या एका खोलीत आम्ही चौघी राहू लागलो. बाईंनी पहिल्याच प्रात्यक्षिकाला प्रत्येकापुढे एक दगड ठेवला, एक कागद ठेवला आणि म्हणाल्या, “काढा.” बास, एवढंच. दोन तासांनी कागद गोळा करून त्या एकेक बघत गेल्या आणि एका कागदाशी थांबल्या. “हे कोणाचं?” मी उभी राहिले. “कुठून आलात आपण?” “चंद्रपूरहून.” “मग तिथे काय करून राहिल्या होत्या?” वर्ग हसला. मीही हसले, काय करणार... मग बाईंनी तो कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. “तुम्ही सगळ्यांनी पुस्तकातला ट्रायलोबाइट काढलाय. अख्खा, देखणा, लग्नाला उभा. हिने समोरचा दगड काढलाय. गाल फुटलाय तर फुटलेला, शेपूट नाही तर नाही. ही कामाची आहे.”

त्या एका वाक्यावर मी पुढची सात वर्षं काढली असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी मला आपल्या संशोधनात मदतनीस म्हणून घेतलं, पीएच.डी.लाही नाव नोंदवायला लावलं. माझं मुख्य काम चित्रं काढण्याचं. सूक्ष्मदर्शकाखाली दगड, बाजूला कागद, आणि दिसेल ते ठिपक्या-ठिपक्याने उतरवायचं. बाई शिकवायच्या त्या स्वतःच्या चेहऱ्यावर. “हा मधला उंचवटा, हे याचं कपाळ समज. हे दोन्ही बाजूंचे डोळे, चंद्रकोरीसारखे. हे गाल, आणि गालांचे मागे गेलेले काटे.” खडूचं बोट गालावरून फिरायचं आणि बाई दिवसभर तशाच, पांढऱ्या पट्ट्यांनी, विभागात वावरायच्या. “आता हा प्राणी वाढायला लागला की कवच पुरेनासं होतं. कात टाकायला हवी. मग डोक्यावरची ढाल फाटणार कुठे? वाट्टेल तिथे नाही. ठरलेल्या शिवणीवर. इथून, डोळ्याच्या कडेने, अशी.” ही शिवण म्हणजे गालावरून जाणारी एक बारीक रेषा. सगळ्यात जुन्या घराण्यांमध्ये ती नसतेच; नंतरच्यांमध्ये असते. शिवण आहे की नाही एवढ्यावर प्राणी कुठल्या घराण्यात बसवायचा ते ठरतं. “आपल्याकडे कुंकवावरून ठरवतात तसं,” बाई म्हणायच्या. त्या स्वतः कधी कुंकू लावत नसत.

दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. खोलीवरच्या मुली घाबरल्या. बाई रिक्षा घेऊन आल्या, माझी पिशवी स्वतः उचलली आणि मला सदाशिव पेठेत घेऊन गेल्या. महिनाभर मी त्या घरात होते. कुसुमताई मऊ भात करायच्या, बाई समोर बसून मी तो खाते की नाही हे बघायच्या. चंद्रपूरहून आई आली तर तिला म्हणाल्या, “तुम्ही आता काळजी करायची नाही. माझ्याकडे एकच धड डोळ्यांचं माणूस आहे, मी ते मरू देणार नाही.” आई रडली. आईने बाईंच्या पाया पडायला वाकावं आणि बाईंनी खसकन मागे सरावं... आमच्या वस्तीतल्या बाईला पुण्यातल्या पेठेतल्या घरात असं बरोबरीने वागवलं जाईल हे आईला शेवटपर्यंत नवल होतं. चंद्रपुरात ती सगळ्यांना सांगत फिरायची. बाईंवरचा माझा विश्वास असा होता. तो कमी-जास्त मोजण्यातला नव्हता, तो घरात कंदील असावा तसा होता.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही हिमाचलात, स्पितीच्या दरीत गेलो. बाई पन्नाशीच्या, सुती साडीवर पुरुषी स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. दोन पावलं चाललं की धाप लागायची. त्या हिरवट, पानासारख्या सुटणाऱ्या खडकात सगळ्यात जुने ट्रायलोबाइट सापडतात. हातोडी मारायची, दगड उघडायचा, काही नसलं की टाकायचा, पुढचा. अकराव्या दिवशी माझ्या हातोडीखाली एक तुकडा पुस्तक उघडावं तसा दोन पानांत उघडला. एका पानावर प्राणी, समोरच्या पानावर त्याचा उलटा ठसा. बाई गुडघ्यांवर आल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “छाया, हात लावू नकोस. नाही... लाव. तूच लाव. तुझा आहे.” त्या मोहिमेतला तो अठ्ठाविसावा नमुना. दोन्ही पानं मी वेगवेगळी कापसात गुंडाळली, बाईंनी त्यावर आपल्या तिरक्या अक्षरात २८-अ आणि २८-ब असं लिहिलं.

आम्ही परत आलो ते दुसऱ्याच पुण्यात. तसं काही एका उन्हाळ्यात बदलत नाही, पण मला आठवतं ते तसंच. टिळक रस्त्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. आमच्या वर्गातल्या सात जणांपैकी चार जण तिथे जाऊ लागले होते. विभागात विद्यार्थी कमी आणि वरून येणारी पत्रं जास्त. जीवाश्मांचं दालन एवढी जागा अडवून बसलंय, तिथे संगणकाचा वर्ग करावा, नाहीतर या विषयात नवीन काय झालं ते दाखवावं, अशी ती पत्रं. बाई ती वाचून घडी घालायच्या आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारायच्या. पण त्या हसत नव्हत्या. दालनात त्यांची बावीस वर्षांची कपाटं होती.

२८-अ वर आम्ही पाच महिने काम केलं. डोंगर तयार होताना तिथले खडक इतके पिळले गेलेत की एकाच जातीचा एक प्राणी लांबट दिसतो आणि दुसरा बसका; त्यांना कागदावर पुन्हा मूळ आकारात आणायला बाईंनी मला शिकवलं. तो पीळ काढल्यावर अठ्ठावीस नंबर जुन्या, बिनशिवणीच्या घराण्यातलाच दिसत होता. डोळे कपाळाच्या पुढच्या टोकाला चिकटलेले, शेपूट नखाएवढं, गालाचे काटे लांब. अशी एक प्रजाती आधीच माहीत होती. फक्त एक गोष्ट वेगळी. डाव्या गालावर, पुढच्या कडेपासून डोळ्यापर्यंत, एक बारीक रेष. उजवा गाल फुटलेला, त्यामुळे तिथे ती होती की नव्हती हे कळायला मार्ग नव्हता. ती रेष म्हणजे शिवण असेल, तर हा बिनशिवणीच्या घराण्यात शिवण फुटू लागलेला प्राणी ठरत होता. दोन घराण्यांमधला दुवा, नवीन प्रजाती. आणि ती नुसती भेग असेल, तर काहीच नाही. एक पिळलेला, ओळखीचा प्राणी.

एका शुक्रवारी, दुपारच्या उजेडात, मला दिसलं की ती रेष डोक्याच्या कडेशी थांबत नाही. ती कडेच्या बाहेर, नुसत्या दगडात, केसाएवढी बारीक होऊन दीडेक मिलिमीटर पुढे जाते. शिवण प्राण्याची असते; ती प्राणी संपतो तिथे संपते. दगडात जाते ती भेग.

“बाई, ही रेष बाहेर जातेय.”

त्या उठून आल्या, सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. खूप वेळ. इतका वेळ की मला त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. “मला नाही दिसत,” त्या म्हणाल्या. “उद्या-परवा बघू. जा तू आता, उशीर झालाय.” घड्याळात साडेतीन वाजले होते.

सोमवारी मी आले तर २८-अ टेबलावर होता आणि त्याच्या डाव्या कडेबाहेरचा दगड साफ केलेला होता. सुईने, फार सफाईने, एक बोटभर पट्टा उतरवलेला. रेष आता कडेशी थांबत होती. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. “जरा स्वच्छ केलाय,” त्या म्हणाल्या. “आता बघ. दिसतंय ते काढ.”

“बाई, पण ती तिथे होती...”

“छाया, आज तिथे काय आहे?”

“काही नाही.”

“मग काढ ती रेष.”

मी काढली. हे मला पहिल्यांदा लिहायला हवं, बाईंच्या वाट्याला काही टाकण्याआधी. मी चोवीस वर्षांची होते आणि समोर उभ्या होत्या त्या बाई होत्या, हे खरं. पण हात माझा होता. मी ती रेष नेहमीपेक्षा किंचित ठळक काढली, आणि चित्राच्या कोपऱ्यात, नेहमीसारखी, माझी आद्याक्षरं टाकली. मला वाटलं, बाईंना माझ्याहून जास्त कळतं. खरं म्हणजे असं वाटलं नव्हतं. असं वाटायला हवं असं मला वाटलं होतं.

निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. लेखक एकट्या बाई. शेवटी आभारात, रेखाटनांसाठी, मी. नव्या प्रजातीच्या नावात त्या दरीचं नाव गुंफलं होतं. ते नाव आता रद्द झालेलं आहे, म्हणून इथे लिहीत नाही. विभागात पेढे वाटले गेले. वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला, दालनाच्या दारात उभ्या, आणि संगणकवर्गाची पत्रं बंद झाली. दालन वाचलं. चार वर्षं वाचलं. बाईंनी त्या दिवसाबद्दल माझ्याशी पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही, पण वागायला पहिल्यापेक्षा मऊ झाल्या, आणि मला ते सहन होईना. पीएच.डी. त्याच प्रजातीवर लिहायची होती. कोरा कागद समोर घेतला की पहिलं वाक्य खोटं यायचं. शेवटी मीही टिळक रस्त्यावरच्या एका क्लासला नाव घातलं, आणि वर्षभराने एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. तेव्हा ती कर्वे रस्त्यामागच्या बंगल्यात होती, गॅरेजमध्ये सहा संगणक.

बाईंना सांगायला गेले. त्या दगडावरून डोळे न काढता म्हणाल्या, “जा. तिथे शून्य आणि एक, दोनच जाती. वर्गीकरण सोपं.” मी पायऱ्या उतरत असताना मात्र वरून हाक आली. “छाया, चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी तपासत जा. ते पडदे डोळे खातात.”

पुढची काही वर्षं मी दिवाळीला जायची, फराळ व्हायचा, कुसुमताई पोरांची चौकशी करायच्या. बाई निवृत्त झाल्या, दालनाचा संगणकवर्ग झालाच, कपाटं विभागाच्या गच्चीवरच्या खोलीत गेली. आम्ही दगडांबद्दल बोलायचो नाही. मला वाटायचं, असू दे. दोघींच्या मधली गोष्ट आहे, दोघींबरोबर जाईल.

मग आठ वर्षांपूर्वी मला ऑफिसात एक ई-मेल आला. बाहेर देशातला एक तरुण संशोधक. त्याने फार अदबीने लिहिलं होतं की चित्रांखाली तुमची आद्याक्षरं आहेत, विभागातून पत्ता मिळाला, तुमच्याकडे अठ्ठावीस नंबरची कच्ची रेखाटनं शिल्लक आहेत का? तो पुण्यात येऊन गेला होता. उलटा ठसा, २८-ब, त्याने मागितला, आणि बाईंनी तो स्वतः कपाटातून काढून त्याच्या हातावर ठेवला होता. ठशात ती भेग गालावरून निघून दगडात सरळ आरपार गेलेली होती. त्या पानावर कोणी सुई फिरवली नव्हती. ई-मेलसोबत बाईंचं छापून आलेलं दीड पानी टिपण जोडलं होतं. त्यात त्यांनी आपली प्रजाती मागे घेतली होती. मी ते वाचत गेले, आणि मला बाईंबद्दल अभिमान वाटू लागला होता, खरंच... आणि मग शेवटून तिसरं वाक्य आलं. मूळ निबंधातली शिवण ही रेखाटन करणाऱ्या सहायकाने भेगेचा अर्थ लावण्यात केलेल्या चुकीतून आली, आणि लेखिकेने त्या रेखाटनावर विसंबायला नको होतं.

नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती, कोपऱ्यात आद्याक्षरं होती.

त्याच दुपारी अर्धी रजा टाकून सदाशिव पेठेत गेले. दार बाईंनीच उघडलं. “ये. कंपनीने सोडलं आज?”

मी छापून घेतलेला कागद त्यांच्यापुढे धरला. “हे तुम्ही लिहिलंय?”

“खाली नाव आहे माझं.”

“भेग आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं, बाई?”

त्या खुर्चीवर बसल्या. मी उभीच. “तू,” त्या म्हणाल्या.

“आणि रेष काढ कोण म्हणालं होतं?”

“ओरडू नकोस, शेजारी आजारी आहेत.” मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. “छाया, तुझं काय गेलं? तुला नोकरी आहे, घर आहे, नवरा-मुलं आहेत. तिथे तुला कोणी विचारायला येणार नाही की ही रेष का काढलीस. मी सुईचं लिहिलं असतं, तर लोकांनी माझा एकेक दगड पुन्हा तपासला असता. सगळी वर्षं. आणि ती खरी आहेत, तुला माहितेय ती खरी आहेत.”

“मी काढलेली चित्रं खरी नव्हती?”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर लावला. मला तेव्हा एक गोष्ट कळत नव्हती, ती मी विचारून टाकली. “तो ठसा तुम्ही तेव्हाच फेकून दिला असतात, तर आज कोणाला काही कळलंच नसतं. एवढी वर्षं जपून का ठेवलात?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पहिल्या प्रात्यक्षिकाला बघितलं होतं तसं, सरळ. “दगड टाकवला नाही.”

“आणि मला टाकवलं.”

“हो,” बाई म्हणाल्या.

कुसुमताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी चहा न घेता निघाले. मला राग आला होता, पण त्याहून जास्त एक विचित्र गोष्ट झाली होती. आई गेली त्यालाही तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि जिन्यात मला वाटलं, बरं झालं, आता आईला हे सांगावं लागणार नाही.

त्यानंतर आठ वर्षं. मी त्या गल्लीतून गेले नाही असं नाही. गेले, खाली मान घालून गेले. एकदा भाजी घेताना समोरच्या फुटपाथवर बाई दिसल्या, काठी होती हातात. त्यांनी मला पाहिलं. मी मेथीची जुडी निवडत राहिले. त्या थोडा वेळ थांबल्या होत्या हे मला न बघताही कळत होतं.

विभागाने शोकसभा ठेवली, तिथे मात्र मी गेले. मागच्या रांगेत बसले. विभागप्रमुख माझ्याहून लहान आहेत, चांगले आहेत. ते म्हणाले, “आपली चूक जाहीरपणे छापून मागे घ्यायला फार मोठं मन लागतं. आठल्येबाईंच्या सचोटीचं याहून मोठं उदाहरण कोणतं?” सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी मला पाहिलं आणि दोन शब्द बोलायला बोलावलं. मी माईकसमोर उभी राहिले. ओठांपर्यंत आलं होतं. समोर पहिल्या रांगेत कुसुमताई बसल्या होत्या, मांडीवर बाईंचा फोटो उताणा धरून... मी पहिल्या प्रात्यक्षिकाची गोष्ट सांगितली. “लग्नाला उभा” वर लोक हसले, काहींनी डोळे पुसले. खाली येऊन बसले. मी दुसऱ्यांदा तीच रेष काढली होती, आणि या वेळी तर कोणी काढ म्हणालंही नव्हतं.

म्हणून हा लेख. पण छापायला देण्याआधी तो कुसुमताईंना वाचून दाखवायचा असं मी ठरवलं होतं. माझ्यावर एवढं एक बंधन त्या घरात खाल्लेल्या मऊ भाताचं आहे. परवाच्या रविवारी गेले. ताई बाईंच्या खोलीत होत्या. खिडकीशी बाईंचं लिहायचं टेबल आहे, त्यावर त्यांनी तांदळाचं ताट ठेवलं होतं. “इथे उजेड बरा येतो,” त्या थोडं ओशाळून म्हणाल्या. “मोतीबिंदू झालाय, तिकडे अंधारात खडे दिसत नाहीत. तिच्या टेबलावर तांदूळ निवडलेले तिला चालले नसते.”

मी तिथेच बसून वर लिहिलंय ते सगळं वाचलं. मध्ये त्या एकदाच बोलल्या, सुईच्या जागी. “शनिवारी रात्री जेवली नव्हती,” म्हणाल्या. “मला वाटलं पोट बिघडलंय.” वाचून झाल्यावर बराच वेळ तांदळातून नुसता हात फिरवत बसल्या.

“छापणार?”

“तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार, ताई.”

“मी कोण नको म्हणणार? तिला आवडलं नसतं.” मग थोड्या वेळाने, “पण लाल शाईने कुठे काही खोडता आलं नसतं तिला. खोडलं असतं तर ऱ्हस्व-दीर्घ तेवढं.” आणि त्या एकदम रडू लागल्या, आवाज न करता, तांदळाच्या ताटावर. मी उठले नाही. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. मलाच कोणीतरी समजवायला हवं होतं.

त्यांचं रडणं ओसरल्यावर मी ताट माझ्याकडे ओढून घेतलं आणि बाईंच्या खुर्चीत बसले. टेबलाच्या कडेला, उजव्या हाताला, लाकूड झिजून एक उथळ खळगा पडलाय. एवढी वर्षं बाई तिथे कोपर टेकून लिहायच्या. खडे वेचायला वाकले तर माझं कोपर आपोआप त्यात गेलं. मी ते काढलं, खुर्ची सरकवून घेतली. पण तिकडे सरकलं की हाताची सावली ताटावर पडत होती.

“माफ केलंस का गं तिला?” ताईंनी विचारलं. नाक पुसत, अगदी साध्या आवाजात, मीठ आहे का विचारावं तसं.

“नाही, ताई.”

त्यांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. “बरं,” म्हणाल्या. “रविवारी येत जा मग. हे मला एकटीला आता होत नाही.” आणि चष्मा वर करून ताटात डोकावल्या. “हा कोपरा राहिलाय बघ तुझा.”

मी खुर्ची पुन्हा पहिल्या जागी घेतली. उजेड तिथेच होता. कोपर त्या खळग्यात ठेवलं आणि राहिलेले तांदूळ निवडले.